५६ सेंटचा आकडा

आमच्या घरच्या ग्रुपवर एक काका आहेत. (सगळ्यांच्याच ग्रुपवर असतात.) जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हा त्यांनी जळणाऱ्या बंगल्यांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की निसर्गाच्या कोपापुढे कुणाचं काही चालत नाही, अमेरिका असो नाहीतर आपण. लगेच खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. आत्याचं "अगदी खरं". कुणीतरी पंचमहाभूतांवरचा लांबलचक मजकूर पुढे ढकलला.

मी तिथे गप्प बसले. एक तर वडीलधाऱ्यांशी चारचौघांत हुज्जत घालायची नाही ही घरची शिकवण. आणि दुसरं म्हणजे मला जे म्हणायचं आहे ते अंगठ्याने टाइप करण्याएवढं छोटं नाही. पण ब्लॉग माझा आहे :) तेव्हा काका, तुम्ही इथे वाचायला येता हे मला ठाऊक आहे, रागावू नका, पण "निसर्गाचा कोप" हे मला अजिबात पटत नाही. नुसतं पटत नाही असं नाही, मला ते धोक्याचं वाटतं. कोप म्हटलं की विषय संपतो. कोपाची चौकशी करता येत नाही, कोपाला दंड करता येत नाही, आणि कोप पुन्हा होऊ नये म्हणून पाना घेऊन माणूस पाठवता येत नाही.

लॉस एंजेलिसचं मी आत्ता बाजूला ठेवते. तिथल्या दाव्यांचा गुंता इतक्यात सुटायचा नाही. त्याऐवजी एक अशी आग घेऊ जिचा पंचनामा पुरा झाला, खटला झाला, गुन्हा कबूलही झाला. २०१८ ची कॅम्प फायर. नावावरून शेकोटी वाटते, पण शेकोटीशी काही संबंध नाही. कॅम्प क्रीक रोड नावाच्या रस्त्याजवळ लागली म्हणून हे नाव.

उत्तर कॅलिफोर्नियात फेदर नदीची खोल दरी आहे. तिथे पुल्गा नावाचं नखाएवढं गाव. ८ नोव्हेंबर २०१८, सकाळचे सव्वासहा. दरीतून जाणाऱ्या कॅरिबू-पालेर्मो या ११५ किलोव्होल्टच्या लाईनवर बिघाड झाल्याची नोंद उमटली. पंधरा-वीस मिनिटांत टॉवरच्या खाली आग दिसली. आठच्या सुमाराला ती डोंगरमाथ्यावरच्या पॅराडाईज गावात शिरली होती, आणि संध्याकाळपर्यंत २६ हजार वस्तीचं ते गाव बहुतांशी संपलं होतं. ८५ माणसं गेली. १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. दीड लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. आग पूर्ण आटोक्यात यायला २५ तारीख उजाडली. आम्ही तिथून दीडशे मैलांहून लांब, बे एरियात. तरी पुढचे दोन आठवडे दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबून बसलो होतो. शाळा बंद. दुपारी बारा वाजता सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा, त्याच्याकडे खुशाल बघता यायचं.

तर ही आग लागली कशाने? आकड्याने. आपल्याकडे वीज आणि आकडा म्हटलं की फुकटची वीज घेणारे आठवतात, पण हा आकडा कंपनीचाच. टॉवरच्या हातापासून इन्सुलेटरची माळ लोंबते आणि त्या माळेच्या टोकाला तार. ही माळ टॉवरला अडकवलेली असते एका लोखंडी आकड्याने, इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या. वारा आला की माळ झुलते. झुलली की आकडा ज्या भोकात बसवलाय तिथे घासतो. एका दिवसात काही होत नाही, एका वर्षातही होत नाही. पण हा आकडा तिथे जवळजवळ शंभर वर्षं झुलत होता. लाईन १९२१ च्या सुमाराची. आकडे १९१९ मध्ये विकत घेतलेले, ५६ सेंटला एक. त्या पहाटे टॉवर क्रमांक २७/२२२ वरचा आकडा झिजून झिजून तुटला, सुटलेली जिवंत तार टॉवरवर आपटली, मोठा स्पार्क झाला आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळक्या गवतावर पडले.

संपलं. यात निसर्गाने काय केलं? गवत वाळवलं. बस.

काका, तुमची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. मला आठवतंय, गुरुवारी लाईट जायचे आणि आम्ही पोरं वैतागायचो, तेव्हा तुम्हीच सांगायचात की बाळा, हा दिवस आहे म्हणून बाकीचे सहा दिवस लाईट आहेत. पावसाळ्याच्या आधी फांद्या छाटायच्या, सैल झालेले तारांचे झोल ओढून घ्यायचे, फुटके इन्सुलेटर बदलायचे. लाईनमन खांबावर चढून हाताने चाचपून बघायचा. तुमच्याच तोंडून ऐकलंय, की खालून दुर्बिणीने बघितलेलं आणि वर चढून बघितलेलं यात फरक असतो. बरोबर ना? आता ऐका. चौकशीत असं निघालं, की या टॉवरवर निदान २००१ पासून कुणी चढून बारकाईने तपासणी केलेली नव्हती. हेलिकॉप्टर फिरायचं, खालून माणसं बघून जायची. आकड्याची झीज खालून दिसत नाही. याच लाईनचे पाच टॉवर २०१२ च्या डिसेंबरात वादळाने आडवे झाले होते, म्हणजे लाईन म्हातारी झालीय हे कंपनीला कुणी बाहेरच्याने सांगायला नको होतं. लाईन दुरुस्त करायची कामं कागदावर आली, पुढे ढकलली गेली, परत आली, परत ढकलली गेली. हे वाक्य कुठल्याही सरकारी किंवा निमसरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला नीट कळेल.

कंपनी म्हणजे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, पीजी अँड ई. आणि ही तिची पहिली खेप नव्हे. २०१० मध्ये सॅन ब्रुनो गावात तिची गॅसची पाइपलाइन फुटून ८ माणसं मेली. त्या प्रकरणात २०१६ मध्ये ती दोषी ठरली होती. म्हणजे पॅराडाईज जळालं तेव्हा ही कंपनी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर होती! फौजदारी कायद्यात जसा एखादा सुटलेला आरोपी असतो तशी.

आता "पण वारा किती होता" हा बचाव. होता ना. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा वारा, जार्बो गॅपच्या खिंडीतून दरीत घुसणारा. तो त्या भागात दर हिवाळ्याच्या तोंडाशी येतो, जसा आपल्याकडे वळीव येतो. त्याची खबरही आधी होती. कंपनीने ६ तारखेपासूनच त्या भागातल्या गिऱ्हाइकांना कळवलं होतं की वारा वाढला तर वीज बंद करू. शेवटी बंद केली नाही, आणि त्या बंद करण्याच्या योजनेत ही ११५ किलोव्होल्टची लाईन तेव्हा बसतच नव्हती. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याला अचानक आलेलं संकट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

दुसरा बचाव जंगलाचा. आग धुमसत असतानाच, १७ नोव्हेंबरला अध्यक्ष ट्रम्प पॅराडाईजला आले. गावाचं नाव चुकून 'प्लेझर' असं घेतलं (दोनदा), आणि फिनलंडचे लोक म्हणे जंगलात केरकचरा ओढून साफ करत असतात म्हणून तिथे आगी लागत नाहीत, असं सांगून गेले. फिनलंडच्या अध्यक्षांना खुलासा करावा लागला की आपण असं काही बोललो नव्हतो. तिकडच्या लोकांनी पाचुंद्याची दाताळी हातात घेऊन जंगलातले फोटो टाकले, जगभर हशा झाला.

पण इथे मला थोडं थांबायचंय, कारण त्या हास्यात एक खरी गोष्ट वाहून गेली. कॅलिफोर्नियाची जंगलं खरंच बिघडवलेली आहेत, फक्त केर न काढल्यामुळे नाही, तर आग विझवल्यामुळे. १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत तीस लाख एकर जंगल जळालं, तेव्हापासून अमेरिकेच्या वन खात्याने आगीशी वैर धरलं. १९३५ मध्ये तर फर्मानच निघालं, की कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. त्याच्याही आधी, १८५० मध्ये, राज्य स्थापन झालं त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मूळ रहिवाशांसाठी एक कायदा केला. त्याला नाव दिलं होतं 'संरक्षणा'चं. त्यात माळरानाला आग लावणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. मूळ रहिवासी हजारो वर्षं काय करत होते? ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी, हलकी आग लावून पातेरा, झुडपं, वाळकं गवत काढून टाकत होते. त्यातून ओक वृक्षांची फळं गोळा करायला जमीन मोकळी व्हायची, टोपल्या विणायला सरळ कोवळ्या काड्या फुटायच्या, आणि मोठी आग लागायला सरपण उरायचं नाही.

हे मला परकं वाटत नाही. माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. भाजावळ आम्ही लहानपणी बघितलेली आहे. कवळ, शेण, पातेरा, वरून मातीचा थर, आणि मग काडी. आजोबा पहाटे अंगणात उभे राहून वारा बघायचे. वारा असेल तर त्या दिवशी भाजावळ नाही, मग गडी येऊन बसले असले तरी नाही. आग वापरायची म्हणजे तिला घाबरायचं पण असतं आणि तिच्याशी बोलायचं पण असतं. वन खातं आपल्याकडे डोंगरांत जाळरेषा काढतं, म्हणजे उन्हाळ्याआधी एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवायचा, की वणवा आला तर तिथे उपाशी मरेल. हेच ते ज्ञान. आणि हे ज्ञान असूनही सह्याद्रीत दर फाल्गुन-चैत्रात वणवे लागतातच, कारण गवत चांगलं येईल म्हणून कुणीतरी काडी टाकून घरी निघून जातं. तिकडेही आम्ही वणवा 'लागला' म्हणतो. 'लावला' म्हणत नाही. मराठी भाषा किती सोयीची आहे बघा.

पॅराडाईजच्या आसपासचे मूळ रहिवासी कोंकाव मैदू जमातीचे. (कोंकाव हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलेच. कोकणाशी काडीचा संबंध नाही, नुसता आवाजाचा योगायोग.) १८६३ मध्ये सैन्याने ४६१ जणांना चिको गावापासून डोंगर ओलांडून राउंड व्हॅलीला चालवत नेलं. पोचले २७७. ज्यांना त्या डोंगरात कधी आणि कुठे काडी लावायची हे कळत होतं, त्यांना असं हुसकून दिलं. आणि मग दीडशे वर्षांनी त्याच डोंगरात सरपण फार झालं म्हणून आश्चर्य!

पण आता गंमत बघा, आणि ही गंमत ट्रम्पसाहेबांच्या विरोधातली आहे तशी माझ्याही आवडत्या सिद्धांताच्या विरोधातली आहे. पुल्गा आणि पॅराडाईजच्या मधल्या बऱ्याचशा भागात साठलेलं घनदाट जंगल नव्हतंच. कोंकावच्या नावाचंच कॉन्काव म्हणून जे खेडं आहे, तिथला डोंगर २००८ च्या विजांच्या आगीत एकदा जळून गेला होता. जळकी झाडं कापून विकलीही गेली होती. त्या जागी दहा वर्षांत गवत आणि झुडपं वाढली होती, आणि नोव्हेंबर उजाडला तरी मेपासून दखल घेण्याजोगा पाऊस नव्हता. आग त्या गवतावरून धावली. म्हणजे दाताळी काय किंवा जाळरेषा काय, त्या सकाळी त्या वाऱ्यात फार मोठा फरक पडला असता असं मला वाटत नाही. जंगलाच्या दुरवस्थेबद्दलचं सगळं खरं आहे, पण ते या आगीचं उत्तर नाही. प्रत्येकाच्या खिशात एक आवडतं कारण असतं आणि आग लागली की तो ते बाहेर काढतो. कुणाचं झाडं, कुणाचे पर्यावरणवादी, कुणाचं कर्म.

हवामान बदलाचं काय? ते खरं आहे. पाऊस उशिरा येणं, शरद ऋतू रखरखीत होत जाणं, हे कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला कुणी पटवून द्यायला नको. गवत नोव्हेंबरात ओलं असतं तर त्याच तुटक्या आकड्यातून काही एकर जळून विषय मिटला असता, हे मी मान्य करते. पण माझा राग आहे तो हे कारण ज्या तोंडातून येतं त्यावर. आगीनंतर वीज कंपन्या आणि पुढारी यांना हवामान बदल एकदम आठवला. हवा बदलतेय हे जर तुम्हाला माहीत आहे, तर शंभर वर्षांचा आकडा वर्षभरात बदलायला हवा ना? की हवा बदलेपर्यंत आकडा तसाच ठेवायचा? बदललेल्या हवेत जुना हलगर्जीपणा जास्त माणसं मारतो. त्याने हलगर्जीपणा माफ होत नाही, उलट महाग होतो.

आता गावाकडे येऊ, कारण आकडा तुटला म्हणून आग लागली, पण ८५ माणसं काही टॉवरखाली मेली नाहीत.

पॅराडाईज डोंगराच्या सोंडेवर वसलेलं आहे. दोन्ही बाजूंना दऱ्या. खाली उतरायला चार रस्ते, त्यातला स्कायवे मुख्य. २००८ च्या जूनमध्येही एक आग गावाच्या कडेपर्यंत आली होती. तेव्हा रस्ते तुंबले, लोक तासन् तास गाड्यांत अडकले, सगळ्यांनी बघितलं. मग काउंटीच्या ग्रँड ज्युरीने लिहून दिलं, की बाहेर पडायच्या रस्त्यांचं नीट झाल्याशिवाय या भागात नवी घरं बांधू देऊ नका. काउंटीच्या कारभाऱ्यांनी ते मानलं नाही. पुढे गावातल्या बाजारपेठेचा भाग जरा छान दिसावा, वाहनं सावकाश जावीत, पायी फिरणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून तिथे स्कायवेच्या चार लेनच्या दोन केल्या. हेतू चांगलाच होता. कुठल्याही सुशोभीकरणाचा असतो.

गावाने काहीच केलं नव्हतं असं मात्र नाही. विभाग पाडून एकेका विभागाला बाहेर काढायची योजना होती, सरावही झाला होता. स्कायवे दोन्ही बाजूंनी खालीच वाहता करायचंही ठरलेलं होतं आणि तसा तो केलाही. पण सगळं गाव एकाच वेळी निघेल हे योजनेत नव्हतं. धोक्याचा फोन ज्यांनी नाव नोंदवलं होतं त्यांनाच जायचा, आणि त्यातलेही कितीतरी फोन पोचले नाहीत. मेलेल्यांत बहुसंख्य ६५ च्या पुढचे होते. काहीजण गाडीत, पण पुष्कळसे घरातच. यातला प्रत्येक मुद्दा कुणाच्या तरी टेबलावर येऊन गेलेला होता.

इथे एक प्रश्न हमखास येतो. इथल्या देसी पार्ट्यांमध्येही आला होता, बिर्याणीच्या रांगेत: "मुळात हे लोक जंगलात राहायला जातातच कशाला?" विचारणारा स्वतः बे एरियात दीड-दोन मिलियनच्या घरात राहतो, हे ओघानेच आलं. अहो, जातात कारण तुमच्या-माझ्या शेजारी राहणं त्यांना परवडत नाही. पॅराडाईज हे काही श्रीमंतांचं हिल स्टेशन नव्हतं. निवृत्त झालेली माणसं, मोबाइल होम, पेन्शनीत भागवणारे. कॅलिफोर्नियाच्या शहरांनी आपापल्या गल्लीत चार मजली इमारत होऊ द्यायची नाही म्हणून वर्षानुवर्षं भांडायचं, आणि मग जे डोंगरात गेले त्यांना तुम्ही तिकडे गेलातच का म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय? लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्सचे फोटो बघून काकांना "पैसा कामाला येत नाही" असं वाटलं. पॅराडाईजचे फोटो बघितले असते तर कळलं असतं की पैसा चांगलाच कामाला येतो, त्यांच्याकडे तो नव्हता.

बरं, शिक्षा काय झाली? १६ जून २०२०. कोर्टात न्यायाधीशांनी ८४ नावं एकेक करून वाचली, मेलेल्यांचे फोटो पडद्यावर दाखवले, आणि कंपनीच्या प्रमुखाने प्रत्येक नावाला गुन्हा कबूल म्हटलं. ८४ वेळा. सदोष मनुष्यवधाचे ८४ आणि बेकायदा आग लावल्याचा एक. दंड? सुमारे ३५ लाख डॉलर. कायद्यात यापेक्षा जास्त बसतच नव्हता. तुरुंगात कोण गेलं? कोणी नाही. कंपनीला कोठडीत घालता येत नाही, आणि निर्णय घेणाऱ्या कुठल्या एका माणसावर फौजदारी सिद्ध करण्याएवढं सापडलं नाही. तपासणी पुढे ढकलण्याचा निर्णय कुणा एकाचा नव्हताच ना, तो वर्षानुवर्षं थोडा थोडा सगळ्यांचा होता.

खरा पैसा दिवाळखोरीत गेला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि आगग्रस्तांसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा समझोता झाला. ऐकायला भारी वाटतं. पण त्यातला निम्मा भाग कंपनीच्या शेअरच्या रूपाने होता. म्हणजे जिने घर जाळलं तिचा भाव वर जावा अशी प्रार्थना करत भरपाईची वाट बघायची! आणि वीज बिल कुणाचं वाढलं हे बे एरियातल्या वाचकांना सांगायला नको.

धडा घेतला म्हणावं, तर १३ जुलै २०२१. तीच फेदर नदीची दरी, पुल्गापासून काही मैलांवर, तीच कंपनी. झाड तारेवर पडलं. डिक्सी फायर. नऊ लाख साठ हजार एकरांहून जास्त, ग्रीनव्हिल नावाचं जुनं गाव राख. त्याच महिन्यात कंपनीने १० हजार मैल तारा जमिनीखाली घालायची घोषणा केली. घालतायत. पॅराडाईजमध्येही तारा जमिनीखाली गेल्या, गावात भोंगे बसले, लोक परत येतायत. २०२० च्या जनगणनेत गावात पाच हजारही माणसं नव्हती, तेव्हापासून आकडा चढतोय. हे सगळं चांगलं आहे आणि मी त्याला नाव ठेवत नाही. फक्त जमिनीखाली तारा घालायला मैलामागे लाखो डॉलर लागतात, आणि तो आकडा ५६ सेंटचा होता.

काकांनी आत्तापर्यंत वाचलं असेल तर ते विचारतील, मग करायचं काय? मला काही मोठं सुचत नाही, आणि मोठं सुचवणाऱ्यांवर माझा विश्वासही कमी होत चाललाय. आग लावून जंगल सांभाळायचं काम मूळ रहिवाशांच्या जोडीने परत सुरू झालंय, ते वाढायला हवं. त्यात धोका आहे. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वन खात्याने मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर जाऊन तीन लाख एकरांवर गेली, मग तीन महिने देशभर हे काम बंद ठेवलं. माझ्या आजोबांचं ऐकायला हवं होतं, वारा बघून घरी जा.

आणि घरं. पॅराडाईजमधल्या एकेकट्या घरांचा नंतर अभ्यास झाला. १९९७ च्या आधी बांधलेल्यांपैकी दहांतलं जेमतेम एक वाचलं. १९९७ नंतरच्यांपैकी दहांतली जवळपास चार. सगळ्यात जास्त फरक पडत होता तो शेजारचं घर किती जवळ आहे आणि ते पेटलं का याने. झाडांनी घरं पेटवली त्यापेक्षा घरांनी घरं पेटवली. पुष्कळ ठिकाणी घर राख आणि बाजूचं पाइनचं झाड हिरवं, असे फोटो तुम्ही बघितले असतील. वाऱ्यावर निखारे येतात, छपराखालच्या झरोक्यातून माळ्यात शिरतात, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यावर बसतात, भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणावरून चालत येतात. झरोक्याला बारीक जाळी, पन्हळीतला पाचोळा साफ, आणि घराच्या भोवती पाच फूट जळण्याजोगं काही नाही. एवढंच. काका, ही कामं तुमच्या गुरुवारच्या जातीची आहेत.

पण ती एकट्याने करून भागत नाही, कारण शेजाऱ्याचं कुंपण पेटलं की तुमच्या जाळीचा उपयोग अर्धा. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा केला, की धोक्याच्या भागात घराभोवतीचे हे पाच फूट मोकळे ठेवायचेच. नियम तयार करायची मुदत होती १ जानेवारी २०२३. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं, १६ हजारांवर इमारती गेल्या, तेव्हा ते नियम तयार नव्हते. त्यानंतर राज्यपालांनी हुकूम काढून घाई केली, आणि सुनावण्या सुरू झाल्या. तिथे सगळ्यात जास्त वाद रंगला तो खिडकीखालची झुडपं ठेवायची की काढायची यावर.